मॅक्रोनी कुणाच्या हातची?

आज आम्ही मॅक्रोनीबद्दल बोलणार आहोत. हसू नका. गावातल्या किराणा दुकानात बिस्किटांच्या पुड्यांशेजारी तिची पाकिटं आता लटकलेली असतातच. पोरं हट्ट धरतात, आणि आपण कांदा-टोमॅटो घालून, वर मसाला टाकून तिचा उपमा करून मोकळ्या होतो. पण अमेरिकेत ती दुधाच्या दाट रश्श्यात, भरपूर चीज घालून, वरून तांबूस होईपर्यंत भाजतात. तिकडे हा सणावाराचा पदार्थ आहे, आणि गरिबाघरचाही. तो तिथे कसा पोहोचला, हे वाचताना आम्हाला एक माणूस भेटला. त्याच्यासाठी आजचं हे बोलणं.

आधी मॅक्रोनी म्हणजे काय ते सांगतो. कडक जातीचा गहू असतो, आपल्याकडचा बन्सी त्याच कुळातला. त्याच्या रव्याचं घट्ट पीठ मळायचं, पोकळ नळ्या पाडायच्या आणि वाळवायच्या. म्हणजे वाळवणच की! आपल्याकडे शेवया, बोटवे, नखुल्या करतात. विदर्भात काडीभोवती पिठाची बारीक वळी गुंडाळून सरगुंडे करतात, तेही आतून पोकळच. इटलीतल्या बायकांनी आणि आपल्या आज्यांनी एकमेकींना कधी पाहिलं नाही, पण गव्हाचं काय करता येतं हे दोघींना सारखंच कळलेलं होतं.

गव्हाच्या पिठावर चीज घालायची रीत फार जुनी आहे. १३९०च्या सुमाराला इंग्लंडच्या राजाच्या आचाऱ्यांनी केलेल्या एका पाककृतींच्या संग्रहात ती आहे: पातळ पोळी लाटा, तुकडे करा, उकळत्या पाण्यात सोडा, मग खाली-वर किसलेलं चीज आणि लोणी घाला. दुधाळ, मऊ प्रकार पुढे आला. एलिझाबेथ रॅफल्ड नावाची एक इंग्रज बाई एका बड्या घराण्यात कारभारीण होती. नंतर तिने मँचेस्टर शहरात स्वतःचं दुकान काढलं आणि १७६९ साली स्वयंपाकाचं पुस्तक छापलं. तिची मॅक्रोनी साय आणि पिठात घोळलेलं लोणी घालून केलेली आहे, वर परमेसान नावाचं कडक इटालियन चीज. आज आपण जो पांढरा रस्सा करतो त्याचं मूळ इथे दिसतं. बाई कामाची होती, दुकान सांभाळून पुस्तक लिहिलं. पण आपल्याला पुढे जायचं आहे.

अमेरिकेत कुणालाही विचारलं की हा पदार्थ इकडे कुणी आणला, तर बरेच जण सांगतात, थॉमस जेफरसन. हे अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष. सगळी माणसं समान जन्माला येतात, असं १७७६च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात लिहिणारे हेच. आणि आयुष्यभरात सहाशेहून जास्त माणसं गुलाम म्हणून बाळगणारेही हेच. मॅक्रोनी त्यांना आवडायची यात शंका नाही. मॅक्रोनी पाडायच्या यंत्राचं त्यांनी स्वतःच्या हाताने चित्र काढलं, आणि इटलीतल्या नेपल्स शहरातून तसं यंत्रही मागवलं. त्यांच्या हस्ताक्षरात एक पाककृतीही आहे: सहा अंडी, दोन पेले दूध, दोन पौंड पीठ, थोडं मीठ. पातळ लाटायचं, तुकडे करायचे आणि हाताने वळायचे. आपल्या बोटव्यांसारखंच. पण बायांनो, जेफरसनसाहेब काही पोळपाटाशी बसले नव्हते. त्यांच्या घरी जे शिजलं ते दुसऱ्याच कुणीतरी शिजवलं.

त्याचं नाव जेम्स हेमिंग्स. जन्म १७६५चा. आई एलिझाबेथ हेमिंग्स गुलाम होती. बाप होता तिचा मालक, म्हणजे जेफरसन यांचा सासरा. नात्याने जेम्स हा जेफरसनबाईंचा सावत्र भाऊ झाला. सासरा वारला तेव्हा जमीन, गुरं आणि माणसं वारसांकडे गेली, त्यात जेम्स मेहुण्याच्या घरी आला, मालमत्ता म्हणून. हे वाक्य आम्ही दोनदा वाचलं, तेव्हा कुठे कळलं.

१७८४ साली जेफरसन सरकारी कामगिरीवर पॅरिसला निघाले आणि एकोणीस वर्षांच्या जेम्सला बरोबर नेलं, फ्रेंच स्वयंपाक शिकवायला. तो तिथल्या नामवंत आचाऱ्यांच्या हाताखाली शिकला, आणि तीन वर्षांत जेफरसन यांच्या पॅरिसमधल्या घरचा मुख्य आचारी झाला. त्याला पगार मिळे, महिना २४ लिव्र. त्या पैशातून त्याने फ्रेंच भाषा शिकवायला मास्तर लावला. फ्रान्समध्ये त्या काळी गुलामाला कोर्टात जाऊन मोकळं होता येत असे. जेम्स गेला नाही. घरी आई होती, भावंडं होती. १७८९ साली तो मालकाबरोबर परत आला आणि पुन्हा गुलाम झाला.

पुढे १७९३ साली जेफरसन यांनी त्याला एक कागद लिहून दिला. मतलब असा: याला स्वयंपाक शिकवायला मला बराच खर्च आला आहे, तेव्हा माझ्या घरी येऊन, मी नेमीन त्या माणसाला याने चांगला आचारी बनवावं, मग मी याला मोकळं करीन. शिकायला नेमला गेला जेम्सचा धाकटा भाऊ पीटर. म्हणजे मोकळं व्हायचं तर आपल्या जागी आपल्याच भावाला तयार करून उभं करायचं. आपल्यातल्या कितीतरी जणी आपल्या हातची चव लेकी-सुनांना शिकवतात, पण असा सौदा कुणाच्या वाट्याला आला नसेल. जेम्सने भावाला शिकवलं. ५ फेब्रुवारी १७९६ रोजी तो मोकळा झाला. प्रवासाला तीस डॉलर मिळाले.

जाण्यापूर्वी त्याने एक काम केलं. स्वयंपाकघरातल्या भांड्यांची यादी केली, स्वतःच्या हाताने, सुरेख अक्षरात. तांब्याची १९ पातेली आणि त्यांची १९ झाकणं, लहान पातेल्या, तवे, साचे. हा कागद आजही जपून ठेवलेला आहे. मॅक्रोनीची त्याच्या नावाची पाककृती मात्र उरलेली नाही. उरली ती ही यादी. ज्यांनी घर सोडताना कोठीची चावी दुसरीच्या हाती दिली आहे, त्यांना त्या यादीतलं एकेक झाकण दिसेल.

१८०१ साली जेफरसन राष्ट्राध्यक्ष झाले, तेव्हा त्यांना जेम्सच आचारी म्हणून हवा होता. त्यांनी दुसऱ्याकरवी निरोप धाडला. जेम्सने उलट कळवलं: मला तुमच्या हातची चार ओळींची चिठ्ठी पाहिजे, कामाच्या अटी आणि पगार लिहून. मोकळ्या माणसाने मागावं तेवढंच त्याने मागितलं. ती चिठ्ठी आली नाही. दुसरा फ्रेंच आचारी नेमला गेला. त्या उन्हाळ्यात जेम्स काही आठवडे त्या जुन्या घरी पगारावर राबून गेला, आणि वर्ष संपायच्या आत बाल्टिमोर शहरात त्याने स्वतःचं जीवन संपवलं. वय ३६. का, याचा कागद कुणाजवळ नाही.

पुढच्याच वर्षी, ६ फेब्रुवारी १८०२ला, राष्ट्राध्यक्षांच्या जेवणात मॅक्रोनी होती. मनासे कटलर नावाचे एक पाहुणे पंगतीत होते, त्यांनी रोजनिशीत लिहून ठेवलं आहे. त्यांना वाटलं की आत कांद्याच्या लांब सळ्या भरल्यात, चव उग्र लागली, आवडली नाही. शेजारच्याने समजावलं, अहो, तो कांदा नाही, पिठाचा प्रकार आहे. पहिल्यांदा ढोकळा पाहिलेल्या आमच्या एका मामांची आम्हाला आठवण झाली.

त्याच वर्षी त्या स्वयंपाकघरात पंधरा वर्षांची एडिथ आली. एडिथ फॉसेट. गुलामच. पगार नाही, महिन्याला दोन डॉलर हातखर्ची. सात वर्षं ती तिथे राबली. नवरा जोसेफ दूर जेफरसन यांच्या शेतावर लोहारकाम करी. १८०६ साली तो तिला भेटायला न विचारता निघाला, तर त्याला पकडून परत नेलं. पुढे एडिथ शेतावरच्या मोठ्या घराची मुख्य स्वयंपाकीण झाली. १८२६ला जेफरसन वारले, मागे कर्जाचा डोंगर. मृत्युपत्राने जोसेफ मोकळा झाला, पण एडिथ आणि मुलं जानेवारी १८२७च्या लिलावात उभी राहिली. त्याच लिलावात जेम्सचा भाऊ पीटरही होता. एका नातलगाने त्याला एका डॉलरला घेऊन सोडवलं. जोसेफने आप्तांच्या मदतीने बायकोला आणि काही मुलांना सोडवून आणलं. सगळी मुलं मात्र तेव्हा हाती आली नाहीत. अकरा वर्षांचा एक मुलगा पुढे वीसेक वर्षं दुसऱ्याच्या घरी गुलाम राहिला. मोकळा झाल्यावर तो सिनसिनाटी शहरात आला आणि मोठमोठ्या जेवणावळींची कंत्राटं घेणारा नावाजलेला माणूस झाला. आईची विद्या लेकाच्या संसाराला आली.

छापील पुस्तकात मात्र नाव दुसऱ्याच घराण्याचं. १८२४ साली मेरी रँडॉल्फ या बाईंनी व्हर्जिनियातल्या गृहिणींसाठी पुस्तक लिहिलं. जेफरसन यांची लेक त्यांची भावजय. नवऱ्याची नोकरी गेल्यावर त्यांनी खाणावळ चालवून घर सावरलं होतं, त्याचं आम्हाला कौतुकच आहे. त्यांची मॅक्रोनी दूध-पाण्यात शिजवलेली, मग थरावर थर: मॅक्रोनी, चीज, लोणी, आणि भट्टीत. पण त्या खाणावळीतही चुलीशी गुलाम माणसंच होती.

इथे आम्हाला जोतिराव फुल्यांची आठवण येते. १८७३ साली त्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक लिहिलं, ते अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केलं. १८६५ साली तिकडची गुलामगिरी कायद्याने संपली. मोकळ्या झालेल्या काळ्या कुटुंबांनी मॅक्रोनी-चीज आपल्या पंगतीत ठेवलं, रविवारच्या, सणाच्या, सुतकाच्याही. आजही त्यांच्या घरांत सणाची मॅक्रोनी कुणी करायची हे ठरलेलं असतं. नवख्या सुनेला ते काम मिळत नाही!

पुढचं थोडक्यात. १९३७ साली मंदीच्या दिवसांत क्राफ्ट कंपनीने १९ सेंटला चार माणसांच्या जेवणाचा डबा काढला, मॅक्रोनी आणि चीजची पूड. पहिल्याच वर्षी ८० लाख डबे खपले. नंतर सरकारने दुधाला भाव मिळावा म्हणून इतकं चीज विकत घेतलं की गोदामं भरली. डिसेंबर १९८१मध्ये त्यातलं सुमारे १ कोटी ३६ लाख किलो गरिबांना वाटायला काढलं. सव्वादोन किलोची ती पिवळी वीट गरीब घरांत मॅक्रोनीतच पडली. दूध डेअरीला घालणाऱ्या आपण, भाव आणि गोदाम यांचा हा खेळ आपल्याला नवा नाही.

आता करायचं कसं. पाव किलो मॅक्रोनी मिठाच्या उकळत्या पाण्यात शिजवा, पण पाकिटावरच्या वेळेआधी दोन मिनिटं काढा, कारण पुढे ती रश्श्यात आणखी शिजते. कढईत दोन मोठे चमचे लोणी वितळवा, त्यात तेवढाच मैदा मंद आचेवर दोन मिनिटं परता. रंग बदलू देऊ नका. मग अर्धा लिटर कोमट दूध थोडं थोडं घालत घोटा. एकदम ओतलं की गुठळ्या झाल्याच. रस्सा पिठल्याहून थोडा सैल झाला की खाली उतरवा आणि मगच दोनशे ग्रॅम चीज किसून, मूठभर बाजूला ठेवून, बाकीचं घाला. उकळत्या रश्श्यात चीज घातलं तर फाटतं, तूप सुटतं. डब्यातलं प्रक्रिया केलेलं चीज सहज विरघळतं, कारण त्यात तेल-पाणी धरून ठेवणारे क्षार असतात. मिरपूड घाला, जरा मोहरीची पूड घातली तर चीजची चव उठते. मीठ चाखून, चीज खारटच असतं. मॅक्रोनी मिसळा, जाड भांड्यात काढा, वर उरलेलं चीज आणि शिळ्या पावाचा चुरा भुरभुरा.

ओव्हन असेल तर १८० अंशावर वीस-पंचवीस मिनिटं. नसेल तर जाड तव्यावर भांडं ठेवून वर लोखंडी झाकण आणि झाकणावर निखारे. त्या काळी चुलीवर असंच भाजत, आपल्याकडेही खाली-वर निस्तव ठेवायची रीत आहेच. कडा तांबूस झाल्या की उतरवून दहा मिनिटं राहू द्या, रस्सा आळतो. गरम असतानाच वाढा. दुसऱ्या दिवशी घट्ट झाली तर दुधाचा शिपका मारून मंद आचेवर गरम करा, पाण्याचा नको.