आकड्यांची गोष्ट

आमचं गाव कळंब तालुक्यातलं, जिल्हा धाराशिव (लहानपणी पत्त्यावर उस्मानाबाद लिहायचो). संध्याकाळी शिवारातल्या मोटारी सुरू झाल्या की घरातला बल्ब पिवळा पडायचा. आजोबा म्हणायचे, "लागल्या मोटारी!" अधूनमधून डीपी जळायची, मग वर्गणी काढून ती ट्रॅक्टरवर घालून न्यायची. शहरात आलो तेव्हा कळलं, या सगळ्याला इथे एकच कारण ठाऊक आहे: चोरी. गावाकडे आकडे टाकतात, दुसरं काय!

आकडे होते, खोटं कशाला बोलू? पण सगळी वीज आकड्यांनीच खाल्ली का?

तारेतली गळती करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. करंट दुप्पट, तर गळती चौपट. गावाकडे एका डीपीवरून 440 व्होल्टची लाईन लांब शिवारात जायची आणि तिच्यावर मोटारीमागून मोटारी. तेवढीच वीज त्याच तारेतून 11,000 व्होल्टने नेली तर करंट 25 पट कमी आणि गळती चक्क 625 पट कमी!

1975 मध्ये मर्लिन आणि बॅक या दोघांनी शहरातल्या वीजजाळ्याचा प्रश्न ग्राफ म्हणून मांडला. कुठले स्विच उघडे ठेवले की वीज सगळ्यांना पोचेल आणि गळती सर्वांत कमी होईल? म्हणजे आपल्या भाषेत, कमीत कमी गळतीचा स्पॅनिंग ट्री. झकास! पण त्याला पर्यायी वाटा लागतात. आमच्या शिवारात वाट एकच. तिथे जाळं बदलायचं म्हणजे खांब, तारा आणि डीप्याच बदलायच्या.

मग ते आधीच का नाही झालं? कारण गळती दिसतच नव्हती. 1960 मध्ये राज्य वीज मंडळ आलं, गावोगाव वीज पोचली. पुढे बऱ्याच पंपांना मीटरऐवजी हॉर्सपॉवरवर बिल लागू लागलं. मीटरच नाही, तर पंपाने किती घेतली आणि तारेने किती खाल्ली हे सांगणार कोण? सगळं 'शेतीचा वापर' या खात्यावर! 2000 मध्ये वीज नियामक आयोगाने पहिल्यांदा दर ठरवताना हे खातं तपासलं. शेतीचा वापर फुगवलेला निघाला, आणि गळती आधी सांगितली जायची त्याहून बरीच जास्त.

2005 मध्ये मंडळाचं विभाजन झालं. त्यानंतर महावितरणने गावठाणाचे आणि शेतीचे फीडर वेगळे करायला घेतले (गुजरातने हेच 2003 मध्ये ज्योतिग्राम योजनेत सुरू केलं होतं). 2018 मध्ये उच्चदाब वितरण प्रणाली आली: 11 केव्हीची लाईन थेट शेतापर्यंत आणि एक-दोन शेतकऱ्यांमागे एक छोटी डीपी. तोच आपला 625 चा हिशोब! शिवाय उच्चदाबाच्या तारेवर आकडा टाकायची हिंमत कोण करणार? खर्च मात्र मोठा, कारण डीप्या कितीतरी जास्त लागतात.

आजोबांच्या पंपाला मीटर नव्हता. त्यांनी आयुष्यभरात किती वीज वापरली याची कुठेच नोंद नाही. तारेवरचा आकडा सगळ्यांना दिसला, खात्यातला आकडा कुणी बघितला नाही. तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी कुणी म्हणालं की शेतकरी वीज चोरतात, तर एवढंच विचारा: मोजली कुणी?