परसातलं डाळिंब: बी लावावी की फांदी?



मार्च उजाडला की आपल्यापैकी बऱ्याच जणांना मातीत हात घालायची हुक्की येते. तुळस आणि कढीपत्ता झाला की पुढचा नंबर हमखास डाळिंबाचा. दुकानातलं फळ सोलायचं, चार दाणे कुंडीत टोचायचे आणि वाट बघायची. रोप झकास उगवतंही. पण त्या रोपाला पुढे तेच, तसंच फळ धरतं का? सहसा नाही. डाळिंबाचा निम्मा इतिहास या एका "नाही"भोवती फिरतो, म्हणून हा लेखनप्रपंच.

बी म्हणजे गुणांची नव्याने झालेली सरमिसळ. फळ आंबट निघेल की गोड, दाणा दाताखाली कडक लागेल की मऊ, काही सांगता येत नाही. हुबेहूब तेच झाड हवं असेल तर फांदीच लावावी लागते. आपल्या धंद्याच्या भाषेत बोलायचं तर फांदी म्हणजे कॉपी, आणि बी म्हणजे टेस्टिंग न झालेलं नवं व्हर्जन! नशिबाने डाळिंबाची फांदी फारसे नखरे न करता मुळं धरते, त्यामुळे माणूस जिथे गेला तिथे त्याला हे झाड नेता आलं.

डाळिंबाचं माहेर इराण आणि त्याच्या आसपासचा डोंगराळ मुलूख. आपल्याकडे ते इतकं जुनं आहे की त्याला संस्कृतात दाडिम हे नाव आहे, त्यावरूनच आपलं डाळिंब आलं. (हिंदीतलं अनार मात्र फारसीतून आलं.) सोललेल्या वालांनाही आपण डाळिंब्या म्हणतो, म्हणजे हे फळ आपल्या स्वयंपाकघरात किती मुरलंय बघा. रोमन लोक त्याला कार्थेजचं सफरचंद म्हणत, आणि शास्त्रीय नावातलं 'प्युनिका' तिथूनच आलं. कॅलिफोर्नियात ते १७६९ पासून आलेल्या स्पॅनिश मिशनऱ्यांबरोबर पोचलं.

१७६२ सालची एक गोष्ट तर खास आपल्यासारख्यांसाठी आहे. लंडनचे पीटर कॉलिन्सन यांनी फिलाडेल्फियातले वनस्पतितज्ज्ञ जॉन बार्ट्रम यांना पत्रातून डाळिंबाबद्दल सल्ला दिला. त्याचा मथितार्थ असा, की हा बिचारा घरापासून लांब आलेला परका आहे, त्याला निर्दयपणे वागवू नका, घराच्या भिंतीला लगटून लावा. यात भूतदया तर आहेच, पण इंजिनिअरिंगही आहे. दिवसभर तापलेली भिंत रात्री ऊब सोडते. थंड प्रदेशात राहणाऱ्यांनी दक्षिणेकडची, उन्हाची भिंत बघून डाळिंब लावावं, हा अडीचशे वर्षांपूर्वीचा सल्ला आजही तंतोतंत लागू आहे.

आता पुण्याकडे वळू. बी बेभरवशाची खरी, पण नवीन काही मिळतं ते बियांतूनच. गणेशखिंडीच्या फळ संशोधन केंद्रात डॉ. जी. एस. चीमा यांनी आळंदी नावाच्या जुन्या वाणातून १९३६ मध्ये एक झाड निवडलं. (द्राक्षातली 'चीमा साहेबी' त्यांचीच.) आळंदीचा दाणा रंगाने सुरेख, पण आतली बी कडक. निवडलेल्या झाडाची बी मऊ, चव गोड आणि उत्पन्न भरपूर. बरीच वर्षं त्याचं नाव होतं 'जीबीजी-१', एखाद्या सर्व्हरला शोभेल असं! १९७० मध्ये त्याला 'गणेश' हे नाव मिळालं. सोलापूर, सांगली, नाशिककडच्या कमी पावसाच्या पट्ट्यात डाळिंबाने जे संसार उभे केले, त्यांची सुरुवात या वाणापासून झाली. गणेशची सगळी झाडं ही त्या एका झाडाची फांदीवरून फांदी काढत केलेली नक्कल.

पुढे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात गणेशचा संकर 'गुल-ए-शाह रेड' या रशियन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वाणाशी झाला. त्यातून २००३-०४ मध्ये 'भगवा' बाहेर पडला. दाणा लालभडक, साल जाड, परदेशी पाठवायला उत्तम. दुकानात भारतातलं डाळिंब दिसलं तर ते बहुधा हेच. बाजाराने भगव्याला इतकं उचलून धरलं की महाराष्ट्रातल्या बहुतेक बागा त्याच्याच झाल्या, गणेश मागे पडला आणि आळंदी तर विचारूच नका. त्याच सुमारास तेल्या रोगाने बागाच्या बागा बसवल्या. तेल्या रोगट कलमांतूनही पसरतो. कॉपी केली की बगही कॉपी होतो, तसंच हे!

सगळं एकाच ठिकाणी ठेवलं की काय होतं, याचं उदाहरण तुर्कमेनिस्तानात आहे. इराणच्या सीमेजवळ गारिगाला इथल्या सोव्हिएत केंद्रात ग्रेगरी लेविन यांनी सुमारे चाळीस वर्षं खपून डाळिंबाचे अकराशेवर नमुने जमवले. सोव्हिएत संघ १९९१ मध्ये कोसळला, पैसा आटला, पुढे लेविन यांनाही तिथून निघून इस्रायल गाठावं लागलं. मागे राहिलेल्या संग्रहाची वाताहत झाली. पण त्यातल्या बऱ्याच वाणांच्या फांद्या आधीच बाहेर पोचल्या होत्या. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या डेव्हिस इथल्या संग्रहात ती झाडं आहेत. आज अमेरिकेतल्या नर्सरीत 'पार्फियांका' किंवा 'देझर्तनी' नावाचं रोप मिळतं, ते याच वाटेने आलेलं. मूळ बाग गेली, पण झाडं वाचली, कारण कुणीतरी वेळेवर फांद्या वाटल्या होत्या. बॅकअपचं महत्त्व आपल्याला वेगळं सांगायला नको.

मग आपण काय करायचं? बी लावायची तर खुशाल लावा, मुलांना मजा येते, आणि कुणी सांगावं, एखादा नवा गणेश निघेलही! पण भरवशाचं फळ हवं असेल तर स्थानिक नर्सरीतून नावानिशी कलम आणा. गावाहून येताना बॅगेत फांदी लपवून आणायचा मोह मात्र टाळा. एक तर ते बेकायदेशीर, आणि वर तेल्यासारखी पीडा इथे आणल्याचं पाप. झाडाला भरपूर ऊन द्या, पाण्यात तळ ठोकू देऊ नका. पहिली बरीच फुलं गळतील, त्यातली नर फुलं गळायचीच, घाबरू नका. थंडीत पानं झडली म्हणजे झाड मेलं असंही नाही.

आणि मुख्य म्हणजे वाणाचं नाव एका पाटीवर लिहून झाडाला अडकवा. हिवाळ्यात छाटणी कराल तेव्हा पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर लांब फांद्या फेकून न देता दोन मित्रांना द्या, नाव सांगून. घर बदलताना आपल्याला झाड उचलून नेता येत नाही. तेव्हा त्या दोन घरांपैकी एकातून फांदी परत मागून आणता येईल.