औषधाची साक्ष

गेल्या दिवाळीच्या सुटीत मी गावी गेलो होतो. सकाळी ओसरीवर चहा घेत बसलो असता प्राथमिक शाळेतले गुरुजी आले. खिशातून मोबाईल काढून त्यांनी मला एक मजकूर दाखविला. अमुक एका पाल्याचा रस एकवीस दिवस घेतला की मधुमेह मुळासकट जातो, मग गोळ्यांची गरज राहत नाही, अशी त्यात छातीठोक ग्वाही होती. खाली, हा संदेश दहा जणांना पाठवा, ही नेहमीची विनंती. गुरुजी म्हणाले, "सर, आमच्या आईला पाच वर्षं गोळी चालू आहे. बंद करून बघावी का? तुम्ही कॉलेजात शिकवता, तुम्हांला ठाऊक असेल."

मी म्हणालो, "गुरुजी, मी पडलो इतिहासाचा माणूस. औषधातलं मला काय कळणार? मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका." ते गेले, पण माझ्या मनात विचार घोळत राहिला. एखादी जुनी बखर हाती आली तर आम्ही इतिहासवाले काय करतो? लिहिणारा कोण, हे पाहतो. त्याने स्वतः पाहिले की कुणाकडून ऐकले, हे विचारतो. घटना केव्हाची आणि लिखाण केव्हाचे, हे ताडतो. दुसऱ्या कागदाशी मेळ बसतो का, हेही तपासतो. तर मग औषधाविषयीच्या माहितीला हेच प्रश्न का विचारू नयेत? आणि मौज अशी की, आपल्या देशात औषधांची माहिती कशी जमत गेली, तो सारा इतिहास म्हणजे या प्रश्नांचाच इतिहास आहे. तो आज थोडक्यात सांगणार आहे.

सुरुवात आपल्या शेजारच्या गोव्यापासून करू. १५३४ साली गार्सिया द ऑर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य गोव्यात उतरला. स्पेनमधील विद्यापीठांत त्याचे शिक्षण झालेले होते. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी त्याची ये-जा होती, आणि पुढे मुंबई बेट त्याला पट्ट्याने मिळाले होते. त्या बेटावर त्याची बाग होती. तीस वर्षे त्याने इथली औषधे पाहिली, विकत घेतली, लावली, रोग्यांना दिली. १५६३ साली गोव्यातच त्याचा ग्रंथ छापून निघाला. आपल्या देशात छापलेल्या अगदी पहिल्या पुस्तकांपैकी तो एक होय.

ग्रंथ संवादरूपाने लिहिलेला आहे. एका बाजूस स्वतः ऑर्ता आणि दुसऱ्या बाजूस रुआनो नावाचा, युरोपातून नुकताच आलेला विद्वान. रुआनो जुन्या ग्रीक व रोमन ग्रंथकारांचे दाखले देतो. ऑर्ता त्यास सांगतो की, त्या थोर मंडळींनी ही झाडे कधी पाहिली नव्हती, मी पाहिली आहेत. मधूनच तो मोलकरणीला हाक मारून वनस्पती आणावयास सांगतो, आणि मालुपा नावाच्या इथल्या हिंदू वैद्याचे मतही घेतो. हजार दीड हजार वर्षे ज्या ग्रंथांपुढे युरोप मान तुकवीत आला, त्यांना त्याने एकच प्रश्न केला : तुम्ही हे पाहिले आहे का?

परंतु नुसते पाहणेही पुरे पडत नाही, हेसुद्धा याच ऑर्तावरून शिकावे. रानबकऱ्यासारख्या जनावरांच्या पोटात एक खडा सापडतो. त्यास बेझोअर म्हणत. हा खडा विषावर रामबाण, असा त्या काळी समज होता, आणि ऑर्तानेही त्याची वाखाणणी केली आहे. त्याच सुमारास फ्रान्समध्ये आंब्र्वाज पारे या शस्त्रवैद्यास या खड्याची शंका आली. फाशीची शिक्षा झालेल्या एका आचाऱ्यास राजाच्या संमतीने विष देऊन वर हा खडा देण्यात आला. खडा गुणकारी ठरला तर त्याची सुटका व्हायची होती. बिचारा सात तास तडफडून मेला. आजच्या दृष्टीने हा प्रयोग क्रूर होय, आणि तसा कुणी करूही नये. पण अनेकांनी डोळ्यांनी पाहिलेला गुण एका परीक्षेत टिकला नाही, एवढी गोष्ट त्याने दाखवून दिली. रोगी बरा झाला हे आपण पाहतो. तो औषधाने झाला की आपोआप झाला, हे डोळ्यांना दिसत नाही.

दुसरी पायरी मलबारात आहे. सतराव्या शतकात कोचीनच्या डच अंमलाचा प्रमुख व्हान ऱ्हेडे याने तिथल्या वनस्पतींचा प्रचंड ग्रंथ तयार करविला. 'हॉर्टस मलबारिकस' हे त्याचे नाव. १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला त्याचे बारा खंड निघाले. माहिती सांगणारा मुख्य वैद्य इट्टी अच्युदन हा होता, आणि त्याच्यासोबत रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट हे तीन कोकणी वैद्य होते. पहिल्या खंडात या मंडळींची निवेदने त्यांच्या त्यांच्या लिपीत छापली आहेत. त्या तिघांचे निवेदन कोकणी भाषेत, नागरी अक्षरांत आहे. श्रोतेहो, याचे महत्त्व ध्यानात घ्या. माहिती देणाऱ्याने आपले नाव पुढे करून, ही माहिती आम्ही दिली, असे जगापुढे म्हटले. चूक निघाली तर कुणास विचारावे, हे वाचणाऱ्यास कळते. गुरुजींच्या मोबाईलवरच्या संदेशाखाली कुणाचे नाव होते? कुणाचेच नव्हते.

तिसरी अडचण नावांची. एकच झाड दर बारा कोसांवर नाव बदलते, आणि एकाच नावाने दोन झाडे ओळखली जातात. आपल्याकडचे ब्राह्मीचेच पाहा ना. कुणी पाणथळ जागी पसरणाऱ्या, बारीक जाड पानांच्या रोपास ब्राह्मी म्हणतो, तर कुणी बेडकाच्या पायासारख्या गोल पानांच्या मंडूकपर्णीस ब्राह्मी म्हणतो. शंखपुष्पीचीही तीच गत आहे. १८६८ साली एडवर्ड वेअरिंग याच्या संपादकत्वाखाली 'फार्माकोपिया ऑफ इंडिया' हा सरकारी ग्रंथ निघाला. फार्माकोपिया म्हणजे औषधांची प्रमाणपोथी असे आपण म्हणू. कोणती औषधे सरकारमान्य आणि कोणती नाहीत, याची वर्गवारी तीत होती. लगोलग १८६९ मध्ये मद्रासच्या मुदीन शरीफ यांनी तिला पुरवणी जोडली आणि एकेका औषधाची अनेक देशी भाषांतील नावे लावून दिली. नाव पक्के नसेल तर गुण खरा असूनही औषध चुकीचे पडते, हे त्यांनी ओळखले होते.

यानंतरचा प्रश्न सर्वांत अवघड. नाव बरोबर आहे, ग्रंथ बरोबर आहे, पण बाटलीत तेच औषध आहे कशावरून? पहिल्या महायुद्धानंतर आपल्या बाजारात कमी ताकदीची व भेसळीची औषधे सुळसुळत होती. १९३० साली सरकारने कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली आणि १९३१ मध्ये तिचा अहवाल आला. औषधांना कायदा हवा, तपासणीच्या प्रयोगशाळा हव्यात, शिकलेले औषधविक्रेते हवेत, असा त्याचा मथितार्थ होता. १९४० साली औषध कायदा झाला, १९४८ साली फार्मसी कायदा झाला, आणि स्वतंत्र भारताची स्वतःची प्रमाणपोथी, म्हणजे 'इंडियन फार्माकोपिया', १९५५ साली निघाली. औषध कसे ओळखावे, ते किती शुद्ध असावे आणि ते कोणत्या परीक्षेने ठरवावे, हे तीत लिहिलेले असते. औषधे कशासाठी, किती आणि केव्हा द्यावीत यासाठी 'नॅशनल फॉर्म्युलरी ऑफ इंडिया' हा दुसरा ग्रंथ १९६० साली आला. दोन्हींच्या नव्या आवृत्त्या निघत असतात. कारण काल निर्धोक वाटलेले औषध आज घातक ठरू शकते. म्हणून औषधाच्या पुस्तकाचे साल आधी पाहावे. जुनी पोथी पूजेला चालेल, मात्रेला चालणार नाही.

या परीक्षेवाचून काय घडते, त्याची एक गोष्ट सांगतो. १९३७ साली अमेरिकेत सल्फा जातीचे एक औषध लहान मुलांना घेता यावे म्हणून गोड, पातळ स्वरूपात विकावयास काढले. ते विरघळविण्यासाठी डायएथिलीन ग्लायकॉल हा द्रव वापरला. हा द्रव गोड असतो, पण मूत्रपिंडे निकामी करतो. कुणी तपासून पाहिले नाही, कारण तसे तपासण्याचे बंधन कायद्यात नव्हते. शंभरावर माणसे गेली, त्यांत पुष्कळशी मुले. सरकारला तो माल जप्त करावयासही कारण सापडेना. शेवटी, लेबलावर 'एलिक्झिर' असे लिहिले आहे आणि एलिक्झिर म्हणजे मद्यार्क असलेले औषध, पण आत मद्यार्क नाही, एवढ्या शब्दाच्या चुकीवर तो जप्त झाला. पुढच्याच वर्षी तिथे नवा कायदा आला.

ही गोष्ट दूर देशची म्हणून सोडून देता येत नाही. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन म्हणून दिलेल्या औषधात हेच विष निघाले आणि चौदा रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. २०२५ साली आपल्या सीमेपलीकडच्या छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधाने लहान मुले गेली, त्या औषधातही पुन्हा तेच विष सापडले. अठ्ठ्याऐंशी वर्षांनी तेच! पोथीत परीक्षा लिहून ठेवली म्हणजे ती होतेच असे नाही. कुणीतरी ती दर खेपेला करावी लागते, आणि ती झाली का, असे कुणीतरी विचारावे लागते.

मग आपण खेड्यापाड्यांतल्या माणसांनी काय करावे? प्रमाणपोथी काही प्रत्येकाच्या कोनाड्यात असणार नाही. पण ती जाणणारा माणूस जवळ असतो. औषधाच्या दुकानात नोंदणी झालेला फार्मासिस्ट असावा लागतो. त्याच्या नोंदणीचा कागद भिंतीवर लावलेला असतो, तो पाहावा आणि त्यालाच विचारावे. पाकिटावर ठळक छापलेल्या कंपनीच्या नावासोबत मूळ औषधाचे नावही असते, ते वाचावे. घाण क्रमांक, म्हणजे बॅच नंबर, आणि मुदत पाहावी. लाल रेघ असेल तर चिठ्ठीवाचून घेऊ नये. औषध घेतल्यावर काही विपरीत वाटले तर डॉक्टरांना सांगावे. अशा तक्रारी देशभरातून गोळा करण्याची सरकारी योजना २०१० पासून आहे. आणि कुणीही गुण सांगू लागला की चार प्रश्न करावेत : कोण सांगतो? कशावरून? केव्हाचे? आणि यात त्याला विकायचे काय आहे? शिक्षकमंडळींनी हे चार प्रश्न फळ्यावर लिहावेत, असे मला वाटते. मुले ते घरी नेतील.

त्या दिवशी संध्याकाळी मी गुरुजींना हे चार प्रश्न सांगितले. ते थोडा वेळ मोबाईलकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "चारांतल्या एकाचंही उत्तर यात नाही हो." दुसऱ्या दिवशी आईला घेऊन ते तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी रक्त तपासले आणि गोळी चालूच ठेवावयास सांगितली. तो पाला खाण्यातला आहे, भाजी करून खुशाल खा, असेही म्हणाले. आजी आता गोळीही घेतात आणि भाजीही खातात. दहा जणांना पाठवायचा तो संदेश मात्र गुरुजींच्या मोबाईलवरून पुढे गेला नाही.