एकडोळ्या राक्षसाचा लांबचा प्रवास

पर्सी जॅक्सनच्या मूळ पाच भागांच्या मालिकेतला पाचवा आणि शेवटचा भाग, ‘द लास्ट ऑलिम्पियन’, मी नुकताच वाचून संपवला. पुस्तक २००९ सालचे आहे, पण देवळाली कॅम्पातल्या शाळकरी मुलांमध्ये अजून हातोहात फिरते. लेखक रिक रायर्डन स्वतः शाळामास्तर. लिहिण्या-वाचण्यात अडखळणाऱ्या आपल्या मुलाला रात्री ग्रीक पुराणकथा सांगता सांगता जुन्या कथा संपल्या, तेव्हा त्यांनी नवी रचली. त्यातून २००५मध्ये पहिला भाग आला. ग्रीक देव आजही आहेत, त्यांची मानवी मुले अमेरिकेत वाढत आहेत, आणि क्रोनोस नावाचा जुना शत्रू त्यांच्यावर चालून येतो, अशी ही गोष्ट. शेवटच्या भागात न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर तिचा निकाल लागतो.

आमच्या घरांतून मात्र यावर एक प्रश्न हमखास येतो: ‘‘आपा, इसमें तो बारा-बारा खुदा हैं. बच्चे पढ़ें क्या?’’ हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. तौहीद, म्हणजे अल्लाह एकच आहे ही श्रद्धा, हा आपल्या ईमानाचा पाया आहे. पण आपल्या आधीच्या मुसलमानांपुढेही हाच प्रश्न होता. त्यांनी काय केले, ते पाहू.

नवव्या शतकातल्या बगदादमध्ये खलिफा मामूनच्या काळात ग्रीक ग्रंथ अरबीत आणण्याची मोठी चळवळ चालली होती. तिचा सर्वांत नावाजलेला अनुवादक हुनैन इब्न इस्हाक. तो धर्माने ख्रिस्ती होता. त्याने गॅलेनचे वैद्यक अरबीत आणले. अॅरिस्टॉटलचे तत्त्वज्ञानही त्याच काळात अरबीत आले. ग्रीक महाकाव्ये आणि नाटके मात्र तशी आली नाहीत. हुनैनला होमरच्या ओळी मूळ ग्रीकमध्ये तोंडपाठ होत्या, असे जुने चरित्रकार सांगतात. तरी स्वप्नांच्या अर्थावरचा एक ग्रीक ग्रंथ अरबीत आणताना त्याने ग्रीक देवांच्या जागी फरिश्ते बसवले. होमरचे संपूर्ण ‘इलियड’ अरबी पद्यात यायला १९०४ साल उजाडले. सुलैमान अल-बुस्तानी यांनी ते कैरोत छापले.

म्हणजे देवांना दारातच थांबवले. पण गोष्टी काही थांबल्या नाहीत.

होमरच्या ‘ओडिसी’मध्ये युद्ध संपवून समुद्रमार्गे घरी निघालेला ओडिसियस आहे. घरी जायला तळमळणारे सैनिक देवळालीला नवे नाहीत. ब्रिटिश काळात नोकरी संपलेले गोरे शिपाई इथल्या छावणीत परतीच्या जहाजाची वाट पाहत पडून असत. त्या कंटाळ्याने आणि तापाने डोके फिरण्याला इंग्रजीत ‘डूलॅली’ म्हणू लागले, तो शब्द आपल्या देवळालीचाच. तर हा ओडिसियस वाटेत एका एकडोळ्या राक्षसाच्या गुहेत अडकतो. राक्षस त्याचे सोबती खातो. मग तो तापवलेला लाकडी सुळका राक्षसाच्या डोळ्यात खुपसून निसटतो, आणि आंधळा राक्षस जहाजावर खडक भिरकावतो.

आता सिंदबादची तिसरी सफर आठवा. तिथेही सोबत्यांना भाजून खाणारा राक्षस आहे, त्याच्या डोळ्यांत खुपसलेल्या लालभडक लोखंडी सळ्या आहेत आणि पळणाऱ्यांवर पडणारे खडकही आहेत. अरबी प्रतींत त्याला दोन डोळे आहेत. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला आंत्वान गालाँ यांनी केलेल्या फ्रेंच भाषांतरात एकच आहे. ही गोष्ट बंदराबंदरांतून खलाशांच्या तोंडी फिरली असावी. ग्रीकांचा राक्षस बगदादच्या व्यापाऱ्याला भेटला, आणि त्या व्यापाऱ्याच्या ओठांवर नाव राहिले ते अल्लाहचेच.

मराठीत हा सिंदबाद आला तो ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ या ग्रंथातून. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी इंग्रजीवरून हे काम हाती घेतले, १८६१मध्ये पहिला भाग आला. याच शास्त्रीबुवांनी १८५२मध्ये सॉक्रेटिसाचे चरित्रही लिहिले होते. १८७८मध्ये ते वारले. पुत्र विष्णुशास्त्रींनी काम पुढे नेले, तेही १८८२मध्ये गेले. शेवट गाठला तो हरि कृष्ण दामले यांनी. एका मालिकेच्या शेवटच्या भागासाठी मराठी वाचकाला तीन लेखणींची वाट पाहावी लागली. पुण्याच्या या पंडितांना हारून रशीदच्या बगदादची अडचण वाटली नाही.

उर्दूतही तेच घडत होते. लखनौचे मुन्शी नवल किशोर यांच्या छापखान्यातून ‘दास्तान-ए-अमीर हमजा’चे ४६ खंड निघाले. छापणारा हिंदू, सांगणारे मुसलमान. त्यातल्या ‘तिलिस्म-ए-होशरुबा’चे पहिले चार खंड मुहम्मद हुसैन जाह यांनी लिहिले, आणि पुढचे अहमद हुसैन कमर यांनी. या दास्तानीत लका नावाचा एक पात्र आहे, तो स्वतःला चक्क खुदा म्हणवतो. शिवाय जादूगारांचे आपापले खोटे देव आहेतच. नमाजी माणसे रात्ररात्र हे ऐकत, लकाच्या फजितीवर पोट धरून हसत आणि फजरला मशिदीत हजर होत. गोष्ट कुठली आणि अकीदा कुठला, हे त्यांना नीट कळत होते. पालकांच्या प्रश्नाला माझ्यापाशी हेच उत्तर आहे. मुलांना घरात तौहीद नीट शिकवली असेल, तर झ्यूसला घाबरण्याचे कारण नाही.

उलट या शेवटच्या भागात शिकण्यासारखे बरेच आहे. एकडोळा राक्षस इथे टायसन या नावाने येतो, आणि तो पर्सीचा सावत्र भाऊ आहे. दुसऱ्या भागात पर्सीला त्याची लाज वाटते. पाचव्यात हाच टायसन आपल्या जातभाईंची फौज घेऊन मदतीला धावतो. होमरने ज्याचा डोळा फोडला, त्याला रायर्डनने घरातले नाते दिले.

विजयानंतर देव पर्सीला अमरत्व देऊ करतात. तो ते नाकारतो आणि वेगळेच मागतो: ज्या मुलांना त्यांच्या देव-पालकांनी कधी आपले म्हटले नाही, त्या सर्वांना ओळख द्या, लहान देवांच्या मुलांनाही शिबिरात स्वतःचे घर द्या. कारण शत्रूकडे गेलेल्यांत अशीच मुले जास्त होती, कोणी न विचारलेली.

मी शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. मराठीच्या तासाला चिपळूणकर येतात, पण दास्तान येत नाही. उर्दूच्या तासाला दास्तान येते, पण चिपळूणकर येत नाहीत. दोन्ही घरांत वाढणाऱ्या आमच्या मुलांना या दोन्ही वारशांवर हक्क आहे, आणि तो त्यांना कोणीतरी मोठ्याने सांगायला हवा.