दोन आठवड्यांचा एक आठवडा

मराठी वाचकाला थोरो भेटतो तो बहुधा ‘वॉल्डन’मधून, आणि ‘वॉल्डन’ भेटते ते दुर्गाबाई भागवतांच्या अनुवादातून. तळ्याकाठची झोपडी, घेवड्याचे शेत, खर्चाचा चोख हिशेब आणि कुणावाचून काही न अडणारा एकटा माणूस, हे चित्र मनात इतके पक्के असते की तो माणूस त्या झोपडीत बसून लिहीत काय होता, हे विचारायचे राहूनच जाते. तो एका प्रवासाचे पुस्तक लिहीत होता. थोरल्या भावाबरोबर, दोघांनी मिळून बांधलेल्या होडीतून, दोन नद्यांवरून केलेल्या प्रवासाचे. ४ जुलै १८४५ रोजी हेन्री डेव्हिड थोरो तळ्याकाठी राहायला गेला तेव्हा त्या प्रवासाला सहा वर्षे होत आली होती आणि भाऊ जाऊन साडेतीन. ‘वॉल्डन’चा पहिला खर्डाही त्याच झोपडीत झाला हे खरे, पण तिथला निवांतपणा त्याला आधी हवा होता तो या दुसऱ्या पुस्तकासाठी.

‘अ वीक ऑन द कॉन्कर्ड अँड मेरिमॅक रिव्हर्स’ हे त्या पुस्तकाचे नाव. १८४९ मध्ये ते आले आणि फारसे कुणी वाचले नाही. प्रास्ताविक प्रकरणानंतर शनिवार ते शुक्रवार अशी सात वारांची सात प्रकरणे. मी पहिल्या खेपेला जेमतेम सोमवारपर्यंत पोचले. होडी कुठे प्रवाहाला लागते न लागते तोच लेखक मासे, ग्रीक कवी, ख्रिस्ती चर्च, मनुस्मृती असे काहीतरी काढून बसतो आणि वल्ही हवेत तशीच थांबून राहतात. जेम्स रसेल लोवेलने त्याच वर्षी परीक्षणात तक्रार केली होती की आमंत्रण नदीवरच्या सहलीचे होते, प्रवचनाचे नव्हते. तक्रार रास्त आहे. पण पुढे केव्हातरी थोरोच्या रोजनिशीतल्या तारखा आणि पुस्तकातले वार मी शेजारी शेजारी मांडून पाहिले, आणि मग हे पुस्तक हातातून सुटेना. प्रवास ३१ ऑगस्ट १८३९ ला, शनिवारी सुरू झाला आणि १३ सप्टेंबरला, शुक्रवारी संपला. म्हणजे दोन आठवडे. पुस्तकात मात्र एकच. उरलेला आठवडा गेला कुठे?

आधी प्रवास. हेन्री बावीस वर्षांचा, जॉन त्याच्याहून दोन वर्षांनी मोठा. मॅसाच्युसेट्समधल्या कॉन्कर्ड या गावी दोघे मिळून एक शाळा चालवत. मुलांना मारायचे नाही आणि मधूनमधून रानात न्यायचे, अशी त्या काळाला न शोभणारी शाळा. जॉन बोलका, हसरा, पक्ष्यांचा नादी, गावाचा लाडका. हेन्री जरा तिरकस. त्या वसंत ऋतूत दोघांनी आठवडाभर खपून होडी बांधली. लांबी १५ फूट, मध्यावर रुंदी साडेतीन, खालून हिरवा रंग आणि वर निळी कड. दोन डोलकाठ्या, त्यांतली एक रात्री तंबूचा खांब व्हायची. धबधबा आडवा आला तर होडी जमिनीवरून ओढून न्यायला चाके. अंथरायला गव्याचे कातडे, शिधा म्हणून स्वतःच्या मळ्यातले बटाटे आणि कलिंगडे. होडीचे नाव ‘मस्केटाक्विड’. कॉन्कर्ड नदीचे हे मूळ रहिवाशांनी ठेवलेले नाव. अर्थ, कुरणांची नदी.

शनिवारी दुपारी निघाले. काठावर मित्र निरोप द्यायला उभे होते. वळणापलीकडे गेल्यावर भावांनी बंदुकीचे बार काढून त्यांना उत्तर दिले. पहिल्या दिवशी सात मैल. कॉन्कर्ड नदी इतकी संथ की ती कुठल्या बाजूला वाहते हे पाहुण्याला सांगावे लागते. रविवारी बिलेरिकाच्या धबधब्याच्या अलीकडे त्यांनी नदी सोडली आणि होडी मिडलसेक्स कालव्यात घातली. सहा मैलांचा हा तुकडा त्यांनी तासाभरात उरकला. एकजण काठावरून दोरीने होडी ओढत पळतो आहे, दुसरा बांबूने ती काठापासून दूर ठेवतो आहे. चर्चमधून परतणारी मंडळी पुलावर थांबून, रविवारच्या दिवशी असले उद्योग करणाऱ्या या दोघांकडे बघून शेरे मारत होती. कालव्याच्या टोकाला पाण्याची पातळी चढवणारे-उतरवणारे दरवाजे होते. रविवारी ते उघडायचे बंधन रखवालदारावर नव्हते. तो हातातले पुस्तक ठेवून शांतपणे आला आणि त्याने दरवाजे उघडले. पुढे मेरिमॅक. मोठी, वाहती, कामाची नदी.

या कालव्यापाशी जरा थांबायला हवे. १८०३ मध्ये तो खुला झाला. सत्तावीस मैल लांबीचा, बॉस्टनला मेरिमॅकशी जोडणारा. लाकूड, धान्य, दगड, माणसे असे सगळे त्यावरून जायचे. १८३५ मध्ये बॉस्टन ते लोवेल रेल्वे सुरू झाली आणि कालव्याचे दिवस भरले. या रेल्वेच्या बांधणीचे सामान कालव्यातूनच नेले गेले होते. आपल्या मारेकऱ्याला खांद्यावर बसवून आणण्याचाच हा प्रकार. भाऊ गेले तेव्हा नदीवर मालवाहू होड्या अजून चालत होत्या आणि नावाडी त्यांच्याशी दोन शब्द बोलत होते. पुस्तक छापून झाले तोवर मेरिमॅकवरची ती वाहतूक जवळपास संपली होती. मँचेस्टर हे जलप्रवासाच्या वेळी दोन हजार वस्तीचे गाव होते, लिहिताना ते चौदा हजारांचे झाले होते, हे थोरो स्वतःच नोंदवतो. गिरण्या, गिरण्यांसाठी बांध, बांधामुळे अडलेले मासे. साल्मन आणि शॅड समुद्रातून चढून यायचे ते बंद झाले. बिलेरिकाच्या बांधावर पहार घालावी की काय, असे तो शनिवारच्या प्रकरणात, अर्धे थट्टेने, म्हणूनही जातो.

मंगळवारी त्यांनी एक रानकबूतर मारून भाजले. तो पॅसेंजर पिजन होता. त्या जातीचा शेवटचा पक्षी १ सप्टेंबर १९१४ ला सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेला. दोन भावांच्या जेवणातला हा तपशील आज वाचताना घास अडतो. थोरोचाही अडला, पण खारींपाशी: त्या सोलल्यावर त्यांना इतकी किळस आली की त्यांनी त्या टाकून दिल्या.

सोमवारच्या प्रकरणात गीता येते. चार्ल्स विल्किन्सचे १७८५ चे इंग्रजी भाषांतर त्याने वाचले होते. स्तुती पुष्कळ आहे, आणि आपल्याकडच्या लेखांत तेवढीच सांगितली जाते. पण अर्जुनाने लढावे याला कृष्ण पुरेसे कारण देत नाही, असा आक्षेपही तिथेच आहे, आणि तो चांगला खडा आहे.

आता वारांकडे. रोजनिशीतली नोंद अगदी त्रोटक आहे, ठिकाणांची नुसती जंत्री. शनिवार ३१ ऑगस्ट ते बुधवार ४ सप्टेंबर नदीवर. गुरुवारी ५ तारखेला न्यू हॅम्पशायरमधल्या हुकसेटपाशी होडी सोडून दोघे पायी निघाले. मग घोड्यांचा टप्पा, पुन्हा पायी, डोंगर. १० तारखेला माउंट वॉशिंग्टनचे शिखर. १२ ला परत हुकसेट. तो दिवसही गुरुवार. शुक्रवारी १३ ला वल्हवत आणि शीड लावून, त्याच्या हिशेबाने सुमारे ५० मैल कापून घरी. पाण्यावरचे दिवस मोजले तर पाच आणि दोन, सात. शनिवार ते शुक्रवार, एकही वार दोनदा नाही, एकही गळलेला नाही. थोरोने दोन गुरुवारांमधले कापड दुमडून आत टिप घातली आहे. शिखराला दोन-चार ओळी मिळतात. हुकसेटला आम्ही आठवड्याने परतलो, एवढा उल्लेख तो करतो. ज्या शेतकऱ्याच्या कोठारात त्यांनी तंबू वाळत टाकला होता, तो तोवर हॉप्सच्या तोडणीला लागला होता. त्याच्या मळ्यातले सगळ्यांत मोठे कलिंगड त्यांनी होडीला भार म्हणून विकत घेतले.

याला मी आधी लेखकाची सोय समजत होते. बायबलातल्या सात दिवसांच्या धर्तीवर घाट नीट बसतो, म्हणून केलेली काटछाट. अभ्यासकही बहुधा तसेच म्हणतात. आता मला वाटते, त्याने जमिनीवरचे दिवस गाळले कारण होडी तिथे नव्हती.

प्रवासाच्या अगोदर, जुलैमध्ये, एलेन स्यूअल नावाची मुलगी कॉन्कर्डला पाहुणी आली होती. १८४० च्या जुलैत जॉनने तिला मागणी घातली. ती आधी हो म्हणाली, मग घरच्यांच्या धाकाने नाही. नोव्हेंबरात हेन्रीने पत्राने विचारले, त्यालाही नकार. पंधरा फुटी होडीत समोरासमोर बसलेल्या दोघांच्या मनात त्या सप्टेंबरात एकच मुलगी होती. पुस्तकात तिचे नाव नाही.

१ जानेवारी १८४२ ला जॉन वस्तरा चामडी पट्ट्यावर परजत असताना त्याच्या बोटाचे टोक कापले गेले. किरकोळ जखम. आठवड्याभरात धनुर्वात झाला आणि ११ जानेवारीला तो हेन्रीच्या हातांत गेला. पुढे दहा-बारा दिवसांनी हेन्रीचाही जबडा आखडला. त्याला कुठेही जखम झालेली नव्हती. डॉक्टर हताश, घरचे हादरलेले. तो त्यातून उठला, पण कित्येक आठवडे त्याने रोजनिशीला हात लावला नाही.

त्याच वर्षी नथॅनिएल हॉथॉर्न कॉन्कर्डला राहायला आला. थोरोने त्याला होडी विकली, सात डॉलरला. हॉथॉर्नला ती वल्हवता येईना. हवी ती दिशा सोडून ती सगळीकडे वळायची. थोरोने त्याला सांगितले, कुठे वळायचे ते मनात आणायचे, की ती वळते. हॉथॉर्नने तिचे नाव बदलून ‘पाँड लिली’ ठेवले. आणि होडी विकली त्याच शरद ऋतूत थोरोने एक लांबलचक वही घेऊन तिच्यात त्या प्रवासाचे तुकडे गोळा करायला सुरुवात केली.

पुस्तकाच्या सुरुवातीच्या कवितेत तो भावाला साद घालतो, पण नाव घेत नाही. पुढे शेकडो पानांत ‘जॉन’ नाही. आहे तो ‘आम्ही’. कुणी सुकाणूला, कुणी वल्ह्याला, कोण ते क्वचितच कळते. बुधवारच्या प्रकरणात मैत्रीवर एक दीर्घ निबंध आहे आणि वाचक साहजिकच त्यात भावाला शोधतो. मला तो तिथे सापडला नाही. त्या निबंधातली मैत्री फार कडक, फार मागण्या करणारी, दुरावा ठरलेली आहे. तिच्यात एमर्सनचा वारा लागतो. ज्याच्याविषयी सिद्धान्त करावा लागत नाही, तो त्या वेळी होडीत समोर बसलेला असतो.

गुरुवारच्या प्रकरणात मात्र एक गोष्ट आहे, तिच्यामुळे हे पुस्तक नुसते सुखाचे राहत नाही. १६९७ मध्ये अबेनाकी लोकांनी हॅना डस्टन हिला पकडून नेले, तिचे तान्हे मूल सफरचंदाच्या झाडावर आपटून मारले. एका रात्री तिने, दाईने आणि कैदेतल्या एका मुलाने झोपेत दहा जणांना ठार केले. त्यांतली सहा मुले होती. मग ती तिघे, सोबत त्या दहा जणांची मुंडकत्वचा घेऊन, एका डोंगीतून याच मेरिमॅकवरून घरी आली. थोरो ही हकीकत मध्येच वर्तमानकाळात सांगायला लागतो, जणू ती डोंगी भावांच्या होडीच्या पुढेच चालली आहे. आणि शेवट करतो तो त्या सफरचंदाच्या झाडावर: पुढे कित्येकांनी त्याची फळे खाल्ल्याचे सांगितले.

पुस्तक छापायला प्रकाशक तयार झाला तो लेखकाच्या जोखमीवर. १००० प्रती निघाल्या, २१९ विकल्या गेल्या, ७५ भेट गेल्या. १८५३ च्या ऑक्टोबरात उरलेल्या ७०६ घरी आल्या. त्याने त्या पाठीवरून जिने चढून माळ्यावर नेल्या आणि स्वतःच्या ग्रंथसंग्रहावर रोजनिशीत विनोद केला. कर्ज फेडायला बापाच्या पेन्सिलीच्या कारखान्यात राबला. १८५९ मध्ये बिलेरिकाच्या बांधामुळे कुरणे बुडतात म्हणून शेतकऱ्यांनी दावा लावला, तेव्हा नदीची मोजणी करायला बोलावले ते त्यालाच. पहार नाही, पण मोजणीची काठी घेऊन तो पुन्हा त्या पाण्यात उतरला. १८६० मध्ये बांध काढण्याचा कायदा झाला, १८६२ मध्ये तो रद्द झाला. बांध राहिला.

त्याच वर्षी, ६ मेच्या सकाळी, थोरो क्षयाने अखेरच्या घटका मोजत होता. बहीण सोफिया त्याला याच पुस्तकातले शुक्रवारचे प्रकरण वाचून दाखवत होती. नॅशुआ नदीचे मुख मागे पडते त्या जागेशी ती आली तेव्हा तो पुटपुटला, की आता शीड छान भरणार. तिथून पुढे खरोखरच वारा पाठीशी आहे. आदल्या रात्रीत ऋतू पालटलेला आहे, दोघांनाही हवेत शरद जाणवतो आहे. तिन्हीसांजेनंतर होडी कॉन्कर्डच्या काठाला लागते, दोघे उडी मारून उतरतात आणि ती एका रानटी सफरचंदाच्या झाडाला बांधतात. त्याच्या खोडावर वसंतातल्या पुरांत साखळीने घासून पाडलेला वळ अजून तसाच आहे.