घरी घडवलेली सायकल आणि ताशी विक्रमाचे नियम

सायकलींच्या धावपट्टीवर एकट्या स्वाराने एका तासात जास्तीत जास्त किती अंतर कापले, हे मोजणाऱ्या विक्रमाला सायकलिंगमध्ये ताशी विक्रम म्हणतात. यात प्रतिस्पर्धी केवळ घड्याळ असल्यामुळे यशाचा किती भाग स्वाराचा आणि किती सायकलीचा, हा वाद या विक्रमाइतकाच जुना आहे, आणि त्याची झळ सर्वाधिक बसली ती घरात किंवा छोट्या कारखान्यात आपल्या कल्पनेने सायकल घडवणाऱ्यांना. १९३३ मध्ये शार्ल मोशे या फ्रेंच कारागिराने बनवलेल्या, मागे रेलून पाय पुढे पसरून चालवायच्या सायकलीवर फ्रान्सिस फोर याने तासात ४५.०५५ किलोमीटर अंतर कापले आणि ऑस्कर एग याचा १९१४ चा विक्रम मागे टाकला. परंतु आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने पुढच्याच वर्षी नियम बदलून अशा सायकली शर्यतींतून आणि विक्रमांतून बाद केल्या.

साठ वर्षांनी हाच वाद स्कॉटलंडच्या ग्रेअम ओब्री याच्या निमित्ताने पुन्हा उभा राहिला. वेगात जाणाऱ्या स्वाराची बहुतेक शक्ती हवा कापण्यात खर्च होते, हे ओळखून त्याने हात छातीखाली दुमडून त्यांवर अंग टेकवायची बैठक ठरवली आणि मग त्या बैठकीला साजेशी सायकल स्वतः बांधली. पाय एकमेकांच्या जवळ राहावेत म्हणून त्याने बॉटम ब्रॅकेट, म्हणजे दोन्ही क्रँकांना जोडणारा आस ज्यात फिरतो तो भाग, नेहमीपेक्षा अरुंद केला आणि त्यात धुलाई यंत्रातले बेअरिंग बसवले; एवढ्या वेगाने फिरणाऱ्या यंत्राचे बेअरिंग चांगल्याच प्रतीचे असणार, असा त्याचा हिशेब होता. जवळ आलेले गुडघे दांडीला घासू लागतील म्हणून त्याने सीटपासून हँडलपर्यंत जाणारी ती दांडीच वगळली. या सायकलीला 'ओल्ड फेथफुल' हे नाव मिळाले.

१६ जुलै १९९३ रोजी नॉर्वेतील हामार येथे तिच्या प्रतिकृतीवर केलेला प्रयत्न फसला. तेव्हा दुसऱ्याच सकाळी ओब्री मूळ सायकलीवर बसला आणि ५१.५९६ किलोमीटर कापून त्याने फ्रान्चेस्को मोझर याचा १९८४ चा ५१.१५१ किलोमीटरांचा विक्रम मोडला. आठवड्याच्या आत ख्रिस बोर्डमन याने तो बोर्दो येथे ५२.२७० किलोमीटरांवर नेला, तर एप्रिल १९९४ मध्ये ओब्रीने तिथेच ५२.७१३ किलोमीटर कापून तो परत मिळवला. त्यानंतर महिनाभरातच संघटनेने त्याच्या बैठकीवर बंदी घातली आणि त्या वर्षीच्या जागतिक स्पर्धेत, सिसिलीत, त्याला बाद ठरवले. हात पुढे ताणून धरण्याची ओब्रीने शोधलेली दुसरी बैठक वापरून बोर्डमनने १९९६ मध्ये ५६.३७५ किलोमीटर कापले, पण पुढे तीही निषिद्ध ठरली. यंत्रापेक्षा माणसाला प्राधान्य द्यावे, हे तत्त्व पुढे करून संघटनेने २००० मध्ये ताशी विक्रमाचे मोजमाप एडी मर्क्स याच्या १९७२ च्या, ४९.४३१ किलोमीटरांच्या विक्रमापासून पुन्हा सुरू केले.

या तत्त्वामागील हेतू समजण्यासारखा आहे, कारण महागड्या संशोधनाच्या जोरावर शर्यत जिंकता येऊ नये, ही चिंता खोटी नव्हती. तथापि मोशे आणि ओब्री यांच्याकडे असे संशोधन परवडणारी यंत्रणा नव्हती आणि सायकलीचा आकार गोठवणाऱ्या नियमांनी भांडवलाबरोबर कल्पकतेलाही अटकाव केला. २०१३ मध्ये ओब्रीने अमेरिकेतील बॅटल माउंटन येथे, जिथे सायकलीच्या आकारावर असे बंधन नाही, पालथे पडून चालवायची आणि खांद्यांना आधार म्हणून भांड्याचा तुकडा लावलेली घरगुती सायकल ताशी सुमारे ९१ किलोमीटर वेगाने चालवून त्या प्रकारातला विक्रम केला. घरगुती बांधणीची मर्यादा अवजारांपेक्षा नियमांनीच अधिक ठरवली, हे ताशी विक्रमातील बंदी आणि बॅटल माउंटनचा विक्रम यांच्या तुलनेतून दिसते.