एका कान्याचा प्रश्न : संगणकीय आज्ञांतील मराठी क्रियापद

काही वर्षांपूर्वी बेळगावात पैसे काढण्याच्या एका यंत्रासमोर आमच्या परिचयाचे एक ज्येष्ठ गृहस्थ उभे होते. मराठी पाट्यांसाठी त्यांनी उभ्या आयुष्यात किती अर्ज लिहिले असतील, याची मोजदाद नाही. मराठीचे बटण दाबताच पडद्यावर शब्द उमटले, 'पिन टाक', मग 'थांब'. त्यांनी व्यवहार रद्द केला, पुन्हा आरंभ करून कन्नडचे बटण दाबले आणि आमच्याकडे वळून म्हणाले, ''ती निदान अहो-जाहो तरी करते!''

'टाक' आणि 'टाका' यांत अंतर एका कान्याचे. परंतु त्या एका कान्यापायी मराठीने आपला एक हक्काचा माणूस गमावला. असे का घडते, याचा इतिहास पाहणे उद्बोधक आहे.

अॅपल कंपनीच्या मॅकिंटॉश संगणकाने १९८४ साली पडद्याच्या माथ्यावरील आज्ञांची पट्टी सामान्य ग्राहकापुढे आणली. तीवरील शब्द इंग्रजी होते : 'ओपन', 'सेव्ह', 'प्रिंट'. इंग्रजीत धातू आणि आज्ञार्थ यांचे रूप एकच असते. तू आणि तुम्ही हा भेदही क्रियापदात दिसत नाही. त्यामुळे माणूस यंत्राला हुकूम करीत आहे की यंत्र माणसाला सूचना देत आहे, हा प्रश्न इंग्रजीला पडलाच नाही. तो पडला अनुवादकांना.

प्रत्येक भाषेने त्याचे उत्तर आपापल्या स्वभावानुसार दिले. फ्रेंचमधील 'आंरजिस्त्रे' आणि जर्मनमधील 'श्पाइशर्न' ही 'जतन करणे' या अर्थाची भाववाचक रूपे आहेत. त्यांत कोणालाच संबोधन नाही. पोलिशने 'झापिश' हा एकवचनी आज्ञार्थ घेतला. हंगेरियनने क्रियापद टाळून 'मेंतेश' हे नाम योजले. आपल्या शेजारभाषांकडे पाहा. इंदूर-ग्वाल्हेरच्या वाचकांना हिंदीतील 'सहेजें' परिचित असेल, वडोदऱ्याच्या वाचकांना गुजरातीतील 'साचवो'. हैदराबादेत तेलुगूची 'चेयि' आणि 'चेयंडि', तर आमच्याकडे कन्नडची 'उळिसु' आणि 'उळिसि' अशी साधी व आदरार्थी दोन्ही रूपे दिसतात.

मराठीपुढे चार वाटा होत्या : कर, करा, करावे आणि करणे. यांतील प्रत्येकीला इतिहास आहे. आज 'करणे' हे आपल्याला एखाद्या प्रकरणाचे शीर्षक वाटते. परंतु मराठेशाहीच्या पत्रव्यवहारात तो सरळ हुकूम असे. 'पाठवून देणे', 'स्वार होऊन येणे' अशा आज्ञा मोडी कागदांत पानोपानी भेटतात आणि पत्राच्या शेवटी 'जाणिजे' येते. फ्रेंचांनी जे केले, ते आपल्या कारकुनांना नवे नव्हते. 'करावे' ही अर्जाची आणि परिपत्रकाची भाषा. परंतु तिचे रूप कर्माच्या लिंगावर अवलंबून असते : दस्तऐवज जतन करावा, फाईल जतन करावी, चित्र जतन करावे. आज्ञांच्या यादीत कर्म पुष्कळदा अध्याहृत असते. तेव्हा ही वाट बंदच म्हणायची.

उरले 'कर' आणि 'करा'. 'कर' लिहिणाऱ्याचा युक्तिवाद तर्काला धरून आहे : माणूस धनी, यंत्र चाकर, मग चाकराला 'तुम्ही' कशाला? परंतु यंत्र ते शब्द वाचत नाही, ते वाचतो माणूस. पडद्यावरील 'थांब' तो स्वतःलाच उद्देशून ऐकतो. म्हणूनच आज बहुतेक ठिकाणी 'जतन करा', 'रद्द करा' ही रूपे रुळली आहेत आणि ती योग्यच आहेत.

तथापि 'करा'नेही सर्व प्रश्न सुटत नाहीत. एकटे उभे असलेले 'काढा' औषधाचा वाटतो, 'बदला' सुडाचा, 'छापा' पोलिसांचा आणि 'जोडा' पायातला. 'उघडा' ही आज्ञा की अंगावर सदरा नसल्याची वार्ता? येथे 'काढून टाका', 'बदल करा', 'मुद्रण करा' अशी जोडरूपे उपयोगी पडतात. अनुवादकाची अडचणही ध्यानी घेतली पाहिजे. त्याच्या हाती अनेकदा केवळ इंग्रजी शब्दांची यादी येते. 'ओपन' ही कृती आहे की स्थिती, हे तीत लिहिलेले नसते. मुक्त संगणकप्रणालींच्या अनुवादासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या 'गेटटेक्स्ट' या साधनात शब्दासोबत संदर्भ नोंदविण्याची सोय झाली, तीही २००६ साली.

आपली कोशपरंपरा थोर आहे. शिवकालातील राज्यव्यवहारकोशाने फारसी संज्ञांना संस्कृत पर्याय दिले. वडोदऱ्यात सयाजीरावांच्या आश्रयाने १९३१ साली 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' प्रसिद्ध झाला. परंतु या कोशांचा मुख्य भर संज्ञांवर, म्हणजे नामांवर. राज्यकारभाराला नावे हवी होती. यंत्राला क्रियापदे हवी आहेत, आणि ती कोणत्या रूपात असावीत हे परंपरेने आपल्याला आयते दिलेले नाही. ते आपणच ठरवायचे आहे.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर आमच्या भागात सरकारी कागदावरील मराठीसाठी झगडावे लागले. यंत्राच्या पडद्यावर ती न झगडता मिळाली, हे खरे. पण ज्या बटणावर बोट पडत नाही, ते पुढच्या बदलात टिकेल याची हमी कोण देणार? म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे एवढेच : मराठीचे बटण दाबा. चुकीचे रूप दिसले तर पाठ फिरवू नका. त्याचे छायाचित्र घ्या आणि योग्य रूप सुचवून संबंधितांना लेखी कळवा. त्या ज्येष्ठांनी आयुष्यभर अर्ज लिहिले. आता एक अर्ज एका कान्यासाठीही लिहायला हवा.